तीन वाजायच्या आत

कॅपस्केसिंग. मार्चचा पहिला शुक्रवार. उणे एकोणतीस.
बर्फ काढायच्या गाडीचं इंजिन चालू ठेवून
कागद-गिरणीमागच्या पार्किंगात बसलोय मी.
मांडीवर फोन, डॅशबोर्डवर गार कॉफी,
आणि सीडर स्ट्रीटचा अर्धा तुकडा
अजून नांगरायचा राहिलाय.

आमची फँटसी हॉकी लीग : दहा जण, चौदा वर्षं,
वर्गणी चाळीस डॉलर. बक्षीस म्हणजे मूसचं एक शिंग,
ओरेस्टच्या गॅरेजातून चार वर्षं न हललेलं.
आज दुपारी तीनला बाजार बंद.
मग ज्याच्याकडे जो खेळाडू, तो त्याच्या गळ्यात.

डार्सी फोन उचलत नाही, म्हणजे काहीतरी शिजतंय.
ओरेस्टनं मला एक गोली देऊ केला,
ज्याची मांडी रविवारीच दुखावली,
जसा काही माझ्या घरी टीव्हीच नाही.
वॅली म्हणतो, दोन डिफेन्समन घे, एक सेंटर दे,
वर हरणाचं चार किलो मटण.
मटण आम्ही मागेच नियमात बसत नाही म्हणून ठरवलंय.
तो दरवर्षी विसरतो.

सव्वाएकला ओदील वेयूचा निरोप.
दवाखान्याच्या लाँड्रीत कामाला असते ती.
"तुझा एलुआ दे. माझा सेंटर घे."

तिचा सेंटर म्हणजे एकोणसत्तर पॉइंट.
माझा एलुआ, अकरा.
चौथ्या फळीतला, रात्रीची सात मिनिटं बर्फावर,
समोरचे दोन दात मारामारीत गेलेले.
शेवटच्या फेरीत कुणी उरलं नव्हतं
म्हणून घेतला होता, गावचा पोरगा.
आणि हो,
ओदीलचा मुलगा.

पाच वर्षं तो तिकडे खेळतोय, तिनं कधी घेतलं नाही.
"गोल करत नाही तो," म्हणायची,
"आई आहे, आंधळी नाही."

मी काच पुसली. विचार केला.
हिला आतली बातमी आहे.
पोरगा आज मोठ्या टीममध्ये जाणार, थेट पहिल्या फळीत.
नाहीतर फुकटात एकोणसत्तर कोण देतं?
बाई साधी नाही, दोनदा शिंग नेलंय तिनं.
लिहिलं : बघतो.

दोनला : "गोलीपण देते."
दोन चाळीसला : "घे ना रे."

त्या 'घे ना रे'त काय होतं ते मी वाचलंच नाही.
मी भाव वाचत होतो.

तीनला दोन मिनिटं कमी. अंगठा 'मान्य'वर.
गाडीचा हीटर खोकला.
तीन.

साडेचारला रेडिओवर, बातम्यांच्या शेपटाला,
एलुआ वेयूला टीमनं वेव्हर्सवर टाकलं.
कुणी उचललं नाही तर उद्या खालच्या लीगमध्ये.
आता हवामान.

फोन केला. मागे ड्रायरची घरघर.
"तुला माहीत होतं?"
"सकाळी सहाला सांगितलं त्यानं.
मग विचारलं, सूप कसलं केलंयस."
"अगं, मग सेंटर कशाला देत होतीस?"
चादर झटकल्याचा आवाज. परत एकदा.
"आज रात्री तूही त्याला काढशील. काढायलाच हवं,
मीही काढलं असतं, दुसऱ्याचा असता तर.
म्हटलं, आज तरी कुणाच्या यादीत असू दे पोरगा."

रात्री सीडर स्ट्रीट पुरा केला.
तिच्या दाराशी पातं उचललं,
गाडीमागे साचतो तो कठीण बांध
उतरून फावड्यानं फोडला.
वीस मिनिटं. बोटं बधिर.

डार्सी विचारतो, एक जागा सडवतोयस कशाला?
मी सातवा आहे. शिंग काही ओरेस्टकडून हलत नाही.
दर रात्री अकराला आकडे येतात,
आणि त्याच्या नावापुढे, खाली, अगदी तळाला,
एक आडवी रेघ.
शून्यसुद्धा नाही.