काटा

सर्व्हिस झाली. ऑइल, प्लग, एअर फिल्टर,
मागची सीट काढून पंपाची जाळीही धुतली म्हणाले.
सोहारच्या सनायातून निघालो, टाकी भरली,
काटा एफवर.
आठ दिवस तो तिथून हलला नाही.
मी म्हटलं, हा सर्व्हिसचा गुण.

मी पोर्टात वजनकाट्यावर असतो.
दिवसाला दोनशे ट्रक, आधी भरलेला, मग रिकामा,
वजाबाकी करायची, शिक्का मारायचा.
काट्याशी वाद घालायचा नाही,
एकोणीस वर्षांत शिकलो ते एवढंच.

वादी जिझीच्या चढावर, बुरैमीच्या बरंच अलीकडे,
गाडीने दोन आचके दिले आणि गप्प.
काटा भरलेलाच.
बॉनेट उघडून मी आत बघत राहिलो,
ज्याला काही कळत नाही तो बघतो तसा.
एका ट्रकवाल्याने गाडी हलवली, टाकीच्या तोंडाशी कान नेला.
"खाली है," म्हणाला. "ढोल है."
ज्या देशात तेल जमिनीतून वर येतं
तिथे पाण्याच्या बाटलीतून पाच लिटर पेट्रोल येईपर्यंत
उंटांपासून सावध करणाऱ्या पाटीच्या सावलीबरोबर
मी अडीच तास सरकत होतो.
तेवढ्यात हेमांगीचा फोन. कुठे आहात?
पेट्रोलपंपावर, म्हटलं.

गॅरेजात हमजाक्का म्हणाला, "माफी मुश्किल."
इथे माफी म्हणजे 'नाही'.
पहिल्या वर्षी मला ते ठाऊक नव्हतं,
वाटायचं, जो तो मला माफ करतोय.
काटा आधीचाच बिघडलेला असेल, म्हणाला,
नवा फ्लोट अठरा रियाल, मजुरी वेगळी.
मागे एक पोरगा स्पॅनर पुसत होता,
पुसलेलाच, पुन्हा.

मग मी वही केली.
टाकी भरली की मीटर शून्यावर,
साडेतीनशे झाले की पंप. काट्याकडे बघायचं नाही.
जमतं.

एका शुक्रवारी, जुम्म्याची नमाज आटोपून, दारात तोच पोरगा.
रुकन मिया, सिल्हेटचा. कुर्त्याला अत्तर, नखांत ग्रीस,
पिशवीत भंगारातल्या एका सनीचा फ्लोट.
हमजाक्काला सांगू नका, म्हणाला,
आणि टिश्यूत गुंडाळलेलं काहीतरी आधी पुढे केलं.

एका डोळ्याचा बेडूक असलेली हिरवी क्लिप.
पेन्सिलीचं बोटभर थोटूक.
पन्नास बैशांचं नाणं.

सीटखाली होतं. ते वेचायला पंप आडवा ठेवला,
बहुतेक तेव्हाच तार वाकली.
द्यायचं राहून गेलं, म्हणाला,
शेठ समोर होते.

सावनी शिकायला श्रीवर्धनला गेली त्याला सहा वर्षं झाली.
आता केस कापून घेते म्हणे. मानेपर्यंत.

पार्किंगमध्ये त्याने सीट उचलली.
मी टॉर्च धरला. पेट्रोलचा वास डोळ्यांना झोंबत होता,
असं मी त्याला सांगितलं.
त्याने तार दाखवली, करंगळीएवढी,
वरच्या वर अडकून बसलेली,
खालचं सगळं संपलं तरी वरच.
जुनी काढली, दुसरी बसवली, चावी फिरवली.
काटा एफवरून सुटला,
अर्ध्यावर रेंगाळलाही नाही,
आणि पिवळा दिवा लागला.

"देखो," तो हसला, "अभी सच बोलता है."

पैसे घेतले नाहीत. चहा घेतला, दोन कप, साखर जास्त.
क्लिप मी डॅशबोर्डवर ठेवली, मग खिशात,
मग पुन्हा डॅशबोर्डवर.
त्याला सनायापर्यंत सोडायचं
तर आधी पेट्रोल हवं.
रांगेत पुढे चार गाड्या, आणि हेमांगीचा फोन.
कुठे आहात?

पेट्रोलपंपावर, म्हटलं.
या वेळी होतो.