शून्यावर किती वेळ लागतो

कादिसच्या धक्क्यावर मी पेट्या उघडतो.
खिळे उपसायचे, गवत झटकायचं,
काय आलं, काय कुजलं, काय वाटेत फुटलं
ते तीन रकान्यांत लिहायचं.
पगार थोडा, अक्षर बरं.

अकरावी पेटी कीटोहून आली.
खेचरावरून, होडीतून, पनामाची चिखलवाट तुडवत,
मग अडीच महिने खारं पाणी.
आत झाडांच्या साली, बुरशी धरलेल्या.
एक पोपट, पेंढा भरलेला, एका डोळ्याचा.
वायुभारमापकाची काच, सात तुकडे.
आणि मोस्ये द्युरोशे यांची टिपणवही,
जिच्या चाळिसाव्या पानावर रश्श्याचा डाग.

माझं काम ती वही सुवाच्य उतरवणं,
पॅरिसच्या विद्वानांना वाचता यावी म्हणून.
स्वयंपाकघरातलं वगळावे,
असं वर लाल शाईत.

वगळण्याआधी वाचावं तर लागतंच.

नळी फुटली त्या दिवशी
पारा खडकाच्या फटीत पळाला,
हमाल ओंजळीनं धरायला धावले,
धरता धरता हसू लागले.
मोस्ये दगडावर बसून राहिले.
समोर अख्खा डोंगर
आणि मोजायला हातात काही नाही.
तेव्हा चुलीपाशची मिकाएला तिपान
(नाव खोडलंय, पण शाई पातळ)
म्हणाली, खालच्या गावात बटाटा एका जपमाळेत शिजतो,
खेचरं बांधतात त्या पठारावर दोन लागतात,
आणि इथं तिसरी माळ संपत आली
तरी सुरी आत कचकन अडते.
पाणी मात्र केव्हाचं उकळतंय.
हे पाणी खोटं उकळतं, असं तिचं म्हणणं.

लोक शितावरून भाताची परीक्षा करतात,
हिनं बटाट्यावरून डोंगराची केली.

पुढची चार पानं नुसते आकडे.
माळा, मणी, कुठली चूल, कुठला चढ.
मोस्येंचं अक्षर पुन्हा ताठ झालेलं.
आणि मग कोपऱ्यात, आडवं:

ती विचारते, तुम्ही शून्य कुठून धरता?
मी म्हणालो, समुद्रापासून.
ती विचारते, मग शून्यावर किती वेळ लागतो?
मला माहीत नाही.
मी कधी बटाटा शिजवलेला नाही.

त्या रात्री मी शिजवला.
कनारी बेटांच्या गलबतावरून दोन मागून आणले,
बायको म्हणाली, डुकरांचं खाणं आता ताटात?
खिडकीखाली भरती, भिंतीला मीठ फुटलेलं,
याहून शून्य ते काय असणार.
आईची जपमाळ काढून बसलो,
ओठ प्रार्थनेत, कान भांड्यात, देव माफ करो,
आणि बेचाळिसाव्या मण्यावर
सुरी लोण्यात जावी तशी गेली.

भांडं उतरवायचं विसरलो.
इकडे बेचाळीस मणी,
तिकडे जवळजवळ तीन माळा.
मधल्या प्रत्येक मण्यावर एकेक पाऊल ठेवत गेलो
आणि घंटाघराहून उंच काही न चढलेल्या मला
तो डोंगर पहिल्यांदा
पोटऱ्यांत कळला.

पॅरिसची प्रत मी सांगितल्यासारखी लिहिली. नोकरी आहे.
डाग उतरवता येत नाही.
नाव मात्र वनस्पतींच्या यादीत बसवलं,
सालींच्या आणि शेवाळांच्या मध्ये:
मिकाएला तिपान, उंचावर आढळते, थंडी सोसते.
अजून कुणी विचारलेलं नाही.

तीच पेटी परतीच्या जहाजावर
नव्या काचेच्या नळ्या घेऊन गेली.
गवताखाली मी एक चिठ्ठी सरकवली आहे.
तिला वाचता येतं का, ठाऊक नाही,
म्हणून आधी बेचाळीस ठिपके काढले, रांगेत,
मग खाली लिहिलं:
थोडं मीठ घातलं होतं.
त्यानं फरक पडतो का, तेवढं कळवावे.