सामू

दिवसभर मी समुद्राला चुना लावतो.
हसू नका, नोकरीच तशी आहे.
जुबैलच्या प्लांटवर मीठ काढून घेतलेलं पाणी
इतकं कोरं निघतं, इतकं भुकेलं,
की वाटेतले नळ खाईल.
म्हणून त्याला चुनखडीच्या थरातून नेतो,
थोडा दगड पाजतो.
सामू आठ पूर्णांक तीन, सही, शिफ्ट संपली.
तेच पाणी माझ्याआधी घरी पोचलेलं असतं,
गच्चीवरच्या टाकीत तापत.

सामू.
खारेपाटणच्या शाळेत तांडेल सरांनी शब्द फळ्यावर लिहिला
तेव्हा वाटलं होतं, कुणाच्या तरी धाकट्या भावाचं नाव आहे.
शाल्मली अजून तसंच विचारते,
फोनवर, दहावीच्या क्लासला निघता निघता:
"बाबा, सामू कसा आहे?"
नौशाद, जो आता तिच्या खोलीत राहतो,
महिनाभर समजत होता की मला एक मुलगाही आहे.

मुलगा नाही. चौदा निऑन टेट्रा.
(होते. आता अकरा.)
पानं कुजलेल्या काळ्या नदीची जात,
आंबटसर पाण्यात वाढलेली.
मायलेकी गावी गेल्या,
साठ लिटरची काच काही विमानात बसेना.

नळीत पाच थेंब टाकायचे, हलवायची.
पिवळा म्हणजे आंबट, हिरवा म्हणजे बरं,
निळा म्हणजे माझा कारखाना.
रोज निळा.

तासाला चार हजार घनमीटर जोखणारा माणूस मी,
साठ लिटरला काय भिणार?
व्हिनेगर ओतलं. बुचानं, मोजून.
रात्री दहाला हिरवा. मी आणि नौशादनं खजूर खाल्ले.
सकाळी पुन्हा निळा,
जणू कुणी रात्रीतून येऊन पाणी बदलून गेलं.
पुन्हा बूच. पुन्हा हिरवा. पुन्हा निळा.
तिसऱ्या दिवशी तीन मासे वाळूवर आडवे,
अंगावरची निळी रेघ विझलेली.

आकड्यानं मासा मरत नाही.
उडीनं मरतो.
हे मला माहीत होतं, पगारच त्याचा घेतो.

कुठंतरी पाणी मुरतंय म्हणतात ना,
इथं पाण्यात काहीतरी मुरत होतं.
कोपऱ्यात तिचे शिंपले,
सातवीत असताना फनातीरच्या किनाऱ्यावर वेचलेले,
प्रत्येकाला नाव ठेवलेलं.
एक काढून पुसला, व्हिनेगरचा थेंब सोडला.
फसफसला.
म्हणजे रात्री येणारं कुणी नव्हतं.
हेच होते, कणाकणानं विरघळत,
मी घातलेली आंबटाई मारत,
बापाचाच धंदा करत.

सतरा निघाले.
चहाच्या गाळणीत धुतले, खिडकीत मांडले
तिच्या क्रमानं, आठवला तसा.

मशिदीमागे देशी बदामाचं एक झाड आहे,
ठिबकवर जगणारं. माळी मोखलेसूर
गळलेली लाल पानं पोत्यात भरत होता.
चार मागितली.
"दवा?" त्यानं विचारलं.
हो म्हटलं, सामूसाठी.

पाण्याला हळूहळू कोऱ्या चहाचा रंग चढला.
"सुलैमानी," नौशाद म्हणाला. "लिंबू पिळू?"
शुक्रवारी चार तांबे बाहेर,
पिण्याच्या कॅनमधलं मऊ पाणी चार तांबे आत.
बस. मधल्या सहा दिवसांत हात मागे बांधून बसायचं,
हे मात्र कुठल्याच शिफ्टमध्ये शिकवलं नव्हतं.

सहावा आठवडा. नळीतल्या रंगाला
निळा म्हणवत नाही, हिरवा म्हणायला धीर होत नाही.
फोनवर तिनं टाकी पाहिली, नाक स्क्रीनला लावून.
"पाणी घाण का आहे?"
घाण नाही गं, पानं आहेत.
"आणि शिंपले?"

मी फोन खिडकीकडे वळवला.
ती मोजत होती, आवाज न करता, ओठ हलत होते.
सतराशी थांबली.
"गोगी उलटा ठेवलायस."

सरळ केला.