सुरगाठ, निरगाठ

मत्र्याच्या दवाखान्यात, एसीच्या गारठ्यात
याकूब सारंग बाही वर सारतो.
मूळचा दाभोळचा. इथल्या धक्क्यावर एकतीस वर्षं
दोर बांधले, दोर सोडले.
गळ्याशी सुपारीएवढी गाठ :
आवंढ्याबरोबर वर जाते, खाली येते.

"रक्तात कळतं का गो,
सुरगाठ आहे की निरगाठ?"

काय सांगू.
आकडे येतील उद्या, बहुधा नीटच.
गाठीविषयी विचारलं की ते गप्प.
म्हणून जांभळ्या टोपणाची ही जादा नळी,
अभ्यासाला.
दूर कुणीतरी रक्ताला कान लावून बसलंय,
अजून त्यांनाही धड ऐकू येत नाही.
तोवर सुईच. गुरुवारी.

"गळ्यात?" तो हसतो.
मग खिशातली सुतळी काढून
माझ्यासमोर दोन गाठी मारतो.
"ही ओढली की सुटते. ही आवळते.
बघायला सारख्याच.
हाताला कळतं."

मी त्याच्या दंडावरचं रबर
एका टोकाला ओढते, सुटतं.
रोज शंभरदा मारते ही गाठ,
तिला नाव आहे हे विसरलेच होते.

नळीवर नाव, तारीख, वेळ.
तो गेल्यावर दिसते
टेबलावर राहिलेली सुतळी,
दोन्ही गाठींसकट.

मी ओढून बघत नाही.