दुसऱ्यातून तिसऱ्यात

अंबड एमआयडीसीत, पत्र्याच्या शेडखाली
सुकदेव जायभावे गिअरबॉक्सची पट्टी ओढून काढतो,
पुसतो, परत घालतो, परत काढतो,
आणि तेल बोटावर घेऊन हुंगतो,
माझी आई कढणारं तूप हुंगायची तसं:
उतरवायचं, की अजून एक मिनिट.

"हे लाल असतं मॅडम. डाळिंबाच्या रसासारखं."
त्याच्या बोटावर आहे
तो चिंचेचा कोळ.

दोन लाख अठरा हजार किलोमीटर.
मी तिसरी मालकीण.
पहिला दिंडोरीचा, द्राक्षांच्या क्रेटची ट्रॉली ओढायचा,
मागच्या हुकाला त्याचा गंज अजून आहे.
दुसऱ्याचं आरसी बुकात नुसतं नाव.
मी घेतली ती एकाच कारणासाठी:
हिला डावा पाय लागत नाही.

एकलहऱ्याला राखेच्या पट्ट्याजवळ पडले त्याला एकोणीस वर्षं झाली.
गुडघ्यात एक पट्टी, सहा स्क्रू.
त्याआधी खात्याची जीप चालवायचे.
नंतर क्लच दाबायचा म्हणजे
त्या सहाही जणांना आधी विचारायचं.

या गाडीत तो नुसता बसून असतो, डावा पाय,
लग्नात आलेल्या लांबच्या मामासारखा,
मानानं, बिनकामाचा.
सगळं आत कुणीतरी बघतं:
वेग किती, चढ किती, उजव्यानं दाबलं किती,
हिशेब करून, न सांगता, गिअर टाकतं.
अकरा वर्षं मी चौकशी केली नाही.
नीट चाललेल्या कामाची कोण करतं?

दिवाळीपासून ती अडखळते.
मुंबई नाक्याच्या पुलावर चढताना
दुसरा सुटतो, तिसरा येत नाही,
इंजिन ओरडतं, गाडी नुसती ऐकते,
एक,
दीड,
मग पाठीत गुद्दा बसावा तसा तिसरा पडतो.
तेवढा वेळ मी कुठल्याच गिअरमध्ये नसते.
मागच्या रिक्षावाल्याला हे कसं सांगणार?
त्याच्याकडे फक्त हॉर्न आहे.

"किती चालेल अजून?"
जायभावे तेल ट्रेमध्ये सोडतो.
बोल्टाच्या चुंबकाला राखाडी लव,
नववीतल्या मुलाच्या ओठावर येते तशी.
"लव चालते. तुकडा सापडला की संपलं.
ऐंशी हजाराला गेलेली पाहिली, चार लाख पळालेलीही.
घाटात काय केलं, ओढायला काय लावलं,
तेल कधी बदललं..."
पुस्तिकेत लिहिलंय, मी म्हणते,
आयुष्यभर बदलायला नको.
"कुणाच्या?"
तो हसत नाही.

मग हात पुसायला लागतो. बराच वेळ पुसतो.
"आत प्लेटा झिजल्यात. त्यांचाच भुगा या तेलात आहे.
आणि आता त्या भुग्यानंच
त्या एकमेकींना धरून आहेत.
सगळं धुऊन काढायचं मशीन आहे सातपूरला,
पण स्वच्छ केल्या तर सुटतीलही.
नाही केल्या तर जळतील, सावकाश."
नवा संच नव्वद हजार.
गाडीचे कुणी दीड लाख दिले तर नशीब.

"अर्धं तसंही आतच राहतं," तो म्हणतो.
"अर्धं नवं घालू. हजारानं परत अर्धं.
बघू, पचवते का."
नळीतून ते लाल खाली जाताना
मी उगाच जवळ जाऊन उभी राहते,
दवाखान्यात बाटली संपेपर्यंत राहतात तशी.
दोन हजार सातशे. पावती कच्ची.

परतताना पूल.
सिन्नरला निघालेला कंटेनर पुढे, रिक्षा मागे.
दुसरा सुटला.
इंजिन ओरडलं,
आणि डावा पाय,
ज्याला कुणी काही सांगितलं नव्हतं,
खालच्या मॅटवर दाबला गेला,
जिथं काहीच नाही,
सहाही स्क्रूंसकट,
पूर्ण खालपर्यंत.

तिसरा पडला.
मी पाय उचलला, हळूच,
जीपमध्ये उचलायचे तसा.