मोजा

विनिफ्रेड कॉर्कमच्या फ्रिजमध्ये
मोहरीच्या बरणीमागे
पाच बाटल्या उभ्या होत्या, सीलबंद.
एरलला जाऊन अकरा आठवडे झाले होते.
बाटल्यांची मुदत अजून सात महिने होती.

ती म्हणाली, दूध काढताना रोज दिसतात,
फेकायला हात होत नाही.
मी म्हटलं, म्हणून तर आलोय.

चाळीस वर्षं मी लूननबर्गच्या धक्क्यावरून शेवंडी धरायला गेलो.
बर्फाशी कसं वागायचं, एवढं एकच माझं शिक्षण.
मासळी बर्फावर ठेवायची,
इन्सुलिन बर्फाच्या जवळ.
गोठलं की संपलं,
दिसायला तेच, नितळ, पण कामातून गेलेलं.

आता लाल शीतपेटी घेऊन गावं फिरतो.
कुणाचा डोस बदललेला, कुणाला पंप बसवलेला,
कुणाच्या घरी आता टोचून घेणारंच कुणी नाही.
लोक दार उघडतात आणि आधी पेटीकडे बघतात,
जसं काही मी उधारी मागायला आलोय.

विनिफ्रेडनं बाटल्या कागदात नाही गुंडाळल्या.
एरलचा एक लोकरी मोजा आणला,
राखाडी, टाचेला रफू केलेला,
आणि एकेक करून पाचही आत सोडल्या,
उशिरा झोपलेली पोरं अंथरुणात सारावीत तशा.
नियमात मोजा बसत नाही.
नियम वाचायचा चष्मा मी घरी विसरलो होतो.

शनिवारी चर्चच्या तळघरात चाउडरचं जेवण.
दारापाशी बरणी, बरणीवर चिठ्ठी, 'संशोधनासाठी'.
जमले सहाशे बारा डॉलर आणि कोटाचं एक बटण.
हॅलिफॅक्सच्या प्रयोगशाळेतून एक पोरगी आली होती.
म्हाताऱ्या झ्विकरनं तिला तोंडावर विचारलं,
एवढ्यात काय होतं?
ती लाजली नाही. म्हणाली,
उंदरांचं तीन आठवड्यांचं खाणं.
तळघर हसलं. मग कुणीतरी
बरणी पुन्हा फिरवली,
चौथ्या आठवड्यात उंदीर उपाशी नकोत म्हणून.
उपाय कधी सापडेल ते तिनं सांगितलं नाही,
आम्हीही विचारलं नाही.

मोजा बोलिव्हियाला पोचला, ओरुरोच्याही वर,
जिथं रात्री बादलीतलं पाणी दगड होतं.
तिथल्या दवाखान्यातून कासिल्दा चोकेचं पत्र आलं,
शाळेतल्या बाईंनी स्पॅनिशमधून उलगडून दिलं.
आभार एका ओळीत उरकलेले,
बाकी सगळे आकडे.
मुलगी नऊ वर्षांची. आली तेव्हा साखर पाचशे चाळीस,
वजन सोळा किलो.
बाटली एकदा उघडली की अठ्ठावीस दिवस.
बाटल्या पाच. पुढचं तुम्हीच मोजा.
मुलीचं नाव वारा.
तिच्या भाषेत त्याचा अर्थ तारा.

मी मोजलं. एकशे चाळीस.
एकशे एक्केचाळिसावा दिवस कुणाच्या फ्रिजमध्ये आहे
ते मला अजून माहीत नाही.
ही काही औषध पोचवायची रीत नव्हे,
इथं कुणी मरावं आणि तिथलं पोर त्यावर जगावं.
पण धड रीत तयार होईपर्यंत
वारानं जेवायचं केव्हा?

पत्राच्या तळाशी, वेगळ्या शाईत, ताजा कलम.
मोजा आम्ही परत करत नाही, माफ करा.
रात्री बाटली त्यात असते
आणि तो वाराच्या पांघरुणात, म्हणजे गोठत नाही.
ती विचारते, दुसरा कुठंय?

हे मी विनिफ्रेडला ओट्याशी उभा राहून वाचून दाखवलं.
तिनं चष्मा काढला. परत घातला.
मग जिना चढून गेली,
आणि मार्चपासून बंद असलेल्या दाराच्या बिजागऱ्या
मला खाली ऐकू आल्या,
मग एक खण, मग त्याखालचा,
मग बराच वेळ काहीच नाही.

माझा चहा निवला.
मी बसून राहिलो.