दिवस शून्यावा

वोलोसच्या धक्क्यावर माझी टपरी.
डोक्यामागे चारशे पाकिटं,
प्रत्येकावर कुणाचं तरी काळं फुप्फुस छापलेलं.
मी ती उलटी लावते.
पाठीवरही तसलंच चित्र असतं,
पण जरा कमी ओळखीचं.

ईस्टरला श्टुटगार्टहून आलेला स्ट्रातोस
जाताना माझ्या फोनमध्ये एक ॲप टाकून गेला.
हिरवं. आत एक रोपटं.
ओढली नाहीस तर वाढतं, म्हणाला.
आणि ओढली तर?
तो हसला. विमानाला उशीर होतोय, म्हणाला.

पहिल्याच सकाळी त्याने विचारलं,
तलफ किती? एक ते दहा.
तेहतीस वर्षांची आहे, बाबा,
तिला तुझी इयत्ता कशी लावू?

मग सल्ले.
सिगारेट दिसेल तिथे थांबू नका.
मी चारी बाजूंनी पाहिलं.
पाणी प्या.
प्यायले, विकायच्या मालातली बाटली,
पन्नास सेंट उधार, माझ्याच नावावर.
कुणाशी तरी बोला.
बोलले.
तो म्हणाला, दोन पाकिटं दे, आणि काडेपेटी.

आणि तो गोल.
पडद्यावर फुगतो, आकसतो,
त्याच्याबरोबर श्वास घ्यायचा.
मी घेत होते, डोळे मोठे करून,
तर स्कियाथोसच्या बोटीची तिकिटं धरलेली एक बाई
खिडकीशी वाकून म्हणाली,
बरं वाटत नाहीये का तुम्हाला?
म्हटलं, बरं वाटायचा सराव चाललाय.

खिडकी एवढीशी.
गिऱ्हाईक वाकतं, बोलतं,
बोलण्याबरोबर धूरही आत सोडतं. फुकटचा.
मी तोंड फिरवत नाही.
ॲपमध्ये याला रकाना नाही.

एकोणिसाव्या दिवशी उत्तरेचा वारा सुटला.
बोटी निघाल्या नाहीत, धक्का रिकामा.
सकाळीच भावाचा फोन येऊन गेलेला,
आईच्या घराच्या कागदांबद्दल,
त्यात आईचं नाव एकदाही आलं नाही.
मी पाकीट फोडलं.
पैसे आधी गल्ल्यात टाकले, चोरी नको.
काउंटरखाली वाकून पेटवली,
जणू कुणी बघतंय.
खरं सांगू?
पहिल्या झुरक्याला काहीच आलं नाही.
दुसऱ्याला सगळं आलं.

मग बटण दाबलं: हो, ओढली.
रोपटं वाळलं नाही.
एक पान गळलं, तेही सावकाश.
खाली अक्षरं उमटली,
हरकत नाही, एव्दोकिया. पुन्हा सुरू करू. दिवस शून्य.

हरकत नाही?
घे की जरा हरकत!
एवढ्या मोठ्या बंदरात एकाने तरी
कमरेवर हात ठेवून विचारावं,
काय गं, लाज नाही वाटत?

संध्याकाळी वारा पडल्यावर पानागोस आला,
दिवसभर दोर आवळून तळहात सोललेले.
नेहमीचं लाल पाकीट मी न मागता पुढे केलं.
त्याने वास घेतला.
पाकिटाचा नव्हे, टपरीतल्या हवेचा.
बोलला काही नाही.
सुटे मोजत राहिला,
चार युरो साठ मोजायला लागतो
त्याहून कितीतरी जास्त वेळ,
खाली मान घालून.
तेवढं पुरलं.

रात्री हिशोब.
ॲप म्हणतं, अठरा दिवसांत
ब्याऐंशी युरो ऐंशी वाचले.
गल्ला म्हणतो, वाऱ्यामुळे आज धंदा बुडाला.
मी दोन्ही एकाच वहीत लिहिते,
एक डावीकडे, एक उजवीकडे,
आणि खाली रेघ मारत नाही.

शटर ओढलं.
पडद्यावर गोल तसाच राहिलाय,
कुणी बघत नसतानाही
फुगतोय, आकसतोय.
खिशात टाकला. घरापर्यंत चढ आहे,
मध्ये दोनदा थांबावं लागतं.

उद्या पुन्हा पहिला दिवस.
मागच्या पहिल्यापेक्षा
थोडा वापरलेला.